लेकुरवाळीची ओटी

भिंगार,
९ जुलै २०२५

चि. पंकजा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे २ तारखेचे पत्र शेजारच्या भागवतने काल झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले. मादागास्करच्या त्या बेटावरून भिंगारला टपाल पोचायला सव्वा महिना लागतो, म्हणून दोघींनी हाताने लिहायचे आणि पानांचा फोटो धाडायचा, ही तडजोड मी स्वीकारली. मोबाईलवर बडवलेल्या मजकुराला मात्र मी आजही पत्र मानत नाही. तुझी निरीक्षणे चोख आहेत. नर देवमासा डोके खाली करून किती वेळ गात होता ते लिहिलेस, पाण्याची खोली लिहिली नाहीस. तेथे लाल शाईने खूण केली आहे. वेळ आणि अंतर नसलेली नोंद म्हणजे पारावरच्या गप्पा, हे तुला अकराव्या वर्षी शिकवले होते.

आता शिसारी आणणारी बातमी. माझे चुलतबंधू, तुझे आप्पासाहेब काका, यांनी ‘देवमासा दर्शन सहल’ काढली आहे. बारा माणसे २७ जुलैला तुझ्या बेटावर उतरतील. देवळाली प्रवराच्या स्टँडसमोर त्यांनी फ्लेक्स लावला आहे. त्यावर आप्पासाहेबांचा चेहरा देवमाशाच्या तिप्पट आहे, आणि देवमासाही भलताच. तुमच्याकडच्या हंपबॅक जातीच्या देवमाशाच्या जागी काळापांढरा शिकारी देवमासा छापला आहे, जो त्यांचीच पिल्ले फाडून खातो. मी फोन करून हे सांगितले, तर म्हणे, ताई, मासा तो मासा, फोटो झ्याक आलाय ना मग बास. मी फोन ठेवला आणि हात धुतले.

त्या बारांत तुझी आईही आहे. सूर्यभानदादा गेल्यापासून वहिनी वस्तीबाहेर पडलेल्या नाहीत. देवमासा हे निमित्त, त्यांना लेक पाहायची आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही मंडळी तुझ्याच बोटीवर बसणार, कारण देवमासे दाखवून मराठीतून सांगणारी तेथे तू एकटी. म्हणून बजावते. मादी आणि पिल्लू असेल तर बोट शंभर मीटर लांब, एक हातही कमी नाही. आपल्या माणसांसाठी नियम सैल करणारा शिकलेला माणूस मला खरकट्या हाताने पंगत वाढणाऱ्यासारखा वाटतो.

रेहेकुरीला काळवीट पाहायला नेले तेव्हा तू तीन तास दगडासारखी बसली होतीस. अंगावरून मुंगळा गेला तरी हलली नाहीस. त्या दिवशी मी दादाला म्हटले होते की ही पोर माझी आहे. माझ्या दिवाणखान्यातल्या ज्या माळढोकाच्या फोटोखाली बसून तू अभ्यास केलास, तो पक्षी आपल्या माळांवरून गेला, कारण पाहणाऱ्यांना थांबता आले नाही. तू थांबशील, हे मी गृहीत धरते.

आणखी एक. जनावरांना माणसांची नाती चिकटवू नकोस. त्याने टाळ्या मिळतात, ज्ञान मिळत नाही.

प्रकृतीस जप. माझा लोभ तू रोज कमावतेस, तसाच कमावत राहा.

तुझी आत्या,
चांगुणा

---

बेटावरून,
३ ऑगस्ट २०२५

ती. आत्याबाईंस पंकजाचा सा. न. वि. वि.

सहल आली आणि गेली. आई बरी आहे. तिने माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि तीन किलो बाजरीचे पीठ आणले, आणि माझ्या खोलीतली भांडी पहिल्या संध्याकाळी पुन्हा घासली.

मंडळींविषयी तुम्ही जे लिहिले होते ते सौम्य होते. आप्पाकाकांनी गळ्यात स्पीकर अडकवला होता. पाण्याखालचा माईक सोडून मी नराचे गाणे ऐकवले आणि सांगितले, की या मोसमात इथले सगळे नर हेच गाणे म्हणतात, आणि माद्या गात नाहीत. त्यावर काका म्हणाले, म्हणजे आपल्या वरातीसारखंच की, आणि त्यांनी खरोखरच वरातीतले गाणे लावले. मी स्पीकर काढून घेतला. एका मादीमागे सहा नर लागले होते. एकमेकांना डोक्याने ढकलत होते, एकाच्या पाठीवरचे कातडे सोलून रक्त येत होते, आणि बोटीवर पैज लागली होती. देवमाशाच्या श्वासाचा फवारा अंगावर आला तेव्हा दोघींना ओकारी झाली. काका म्हणाले, कारखान्याच्या मळीचा वास ह्यापरीस उग्र, आपल्याला काय त्याचं. एवढे एकच वाक्य शास्त्रीयदृष्ट्या तपासण्याजोगे होते.

शेवटच्या दिवशी मायलेकरेही दिसली. दुरून पाहिली. सर्व नियम पाळले गेले.

इथे चार-चार बोटी एका पिल्लामागे धावतात. मादी महिनोन्‌महिने उपाशी राहून त्याला दूध पाजते. पाठलागात तिची जी शक्ती जाते, ती पिल्लाच्या दक्षिणेच्या प्रवासातून वजा होते.

तुमच्या रक्तदाबाची गोळी चुकवू नका. आशीर्वादाची गरज आहे, तो असू द्यावा.

आपली,
पंकजा

---

भिंगार,
१७ ऑगस्ट २०२५

पंकजा हिस,

‘चिरंजीव’ हेतुपुरस्सर गाळला आहे.

तुझ्या पत्रातली एक ओळ मला पहिल्या वाचनातच कुजलेली वाटली. ‘दुरून पाहिली.’ किती दुरून? किती वाजता? वारा कुठला? गाण्याबद्दल पाऊण पान लिहिणारी मुलगी मायलेकरांना दोन शब्दांत उरकते तेव्हा काहीतरी झाकलेले असते. तरी मी गप्प राहिले. अक्षर तुझे होते, म्हणून.

परवा आप्पासाहेबांनी देवळालीत सहलीच्या मंडळींचा सत्कार ठेवला. वहिनींनी आग्रहाने बोलावले म्हणून गेले. शाल, श्रीफळ, फेटे. देवमासा पाहून आलेल्यांना फेटे! मग पडद्यावर चित्रफीत लावली. मी पहिल्या रांगेत बसले होते. सगळे पाहिले. तुझी बोट मादीच्या अंगाला भिडायचीच बाकी होती. वहिनी कठड्यावरून वाकल्या, हळदकुंकू वाहिले, नारळ टाकला, मूठभर तांदूळ, आणि शेवटी हिरवा खण. सभागृहातल्या बायकांनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. पिल्लू त्या खणाकडे वळले आणि मादीने खालून येऊन त्याला डोक्याने दूर लोटले. पुढच्याच क्षणी तिची शेपटी पाण्यावर आपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या; त्यांना वाटले, ती नमस्कार करते आहे. मी न जेवता परत आले.

दुसऱ्या दिवशी भागवतकडून ती चित्रफीत माझ्या टीव्हीवर लावून घेतली आणि काचेवर फूटपट्टी धरली. बोटीच्या कठड्याची उंची तू मागे कळवली होतीस, देवमाशाच्या पराची लांबी मला ठाऊक आहे. अंतर वीस मीटर निघते. फार तर बावीस. आणि एका कोपऱ्यात तुझा हात दिसतो. नावाड्याला तू थांबण्याची खूण करत नाहीस. पुढे घे, असे सांगते आहेस.

आप्पासाहेबांचा मला राग नाही. चिखलावर कोण रागावते? किळस आली ती तुझी. तू बंदराच्या कार्यालयात काय लिहून दिले असशील ते मी ओळखते: शंभर मीटर, सर्व सुरळीत. खरे लिहिलेस तर परवाना जाईल, हा मोसम जाईल, बहुधा पुढचाही. जाऊ दे. ती नोंद दुरुस्त होईपर्यंत मला तुझे पत्र नको.

चांगुणा

---

बेटावरून,
२४ ऑगस्ट २०२५

ती. आत्याबाईंस सा. न.

तुम्हाला पत्र नको आहे. हे पत्र नाही, नोंद आहे. लाल शाई घेऊन बसावे.

३१ जुलै, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. वारा आग्नेयेचा, मंद. खोली अठरा मीटर. मादी, तिचे सुमारे तीन आठवड्यांचे पिल्लू, आणि खाली सोबतीला एक नर. मादीच्या शेपटीच्या उजव्या पात्याला चंद्रकोरीसारखी खाच. ती पृष्ठभागाखाली निपचित विसावली होती. पिल्लू दर तीन-चार मिनिटांनी श्वासाला वर येत होते आणि पुन्हा तिच्या हनुवटीखाली जात होते. आमचे अंतर एकशे दहा मीटर. इंजिन बंद.

इथपर्यंत मी तुमची होते.

मंडळींना कंटाळा आला. ही नुसती पडूनच आहे, असे आप्पाकाका म्हणाले. मला त्यांच्या नजरेतून ती उतरलेली सोसली नाही. म्हणून मी सांगितले, की ही बर्फाच्या समुद्रातून हजारो मैल आली आहे. इथे तिला एक घास मिळत नाही. तरी येते, कारण तिची आई इथेच बाळंत झाली होती. मग मी म्हटले, ही बाळंतपणाला माहेरी आली आहे.

सगळे कठड्यापाशी सरकले. मला अभिमान वाटला. मग आई उठली, पिशवी उघडली आणि खण-नारळ काढला. ती सगळी सामग्री माझ्यासाठी आणली होती. विधवेने भरू नये म्हणतात, तरी निघताना तिला माझी ओटी भरायची होती. ती म्हणाली, लेकुरवाळी माहेरवाशीण मोकळ्या ओटीनं धाडायची नसते, तूच सांगितलंस ना तिचं माहेर. मी दोनदा नको म्हटले. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे नुसते पाहिले. दादा गेल्यानंतर तिने पहिल्यांदाच काही मागितले होते. मी हाताने खूण केली.

९ वाजून ५२ मिनिटे. अंतर वीस मीटर. तुमची फूटपट्टी बरोबर आहे.

चित्रफीत जिथे संपते त्यापुढचे लिहिते. मादीने लोटले तरी पिल्लाच्या उजव्या पराला खण गुंडाळलेला राहिला. नराने खालून बुडबुड्यांची भिंत सोडली. तिघे ईशान्येला निघाले, आणि शेपटीचा आवाज ऐकून आलेल्या दुसऱ्या तीन बोटी त्यांच्या मागे. दोन तासांत त्यांनी पिल्लाला श्वासापुरतेही थांबू दिले नाही. त्यानंतर ती मायलेकरे मला दिसलेली नाहीत. रोज पाहते.

कार्यालयात मी शंभर मीटर लिहून दिले. तुम्हाला ‘दुरून’ लिहिले. तुम्ही समजता की हे परवान्यासाठी केले. परवाना गेला असता तर मी गावी येऊन कांदा लावला असता. मी खोटे लिहिले ते तुमच्या किळशीच्या भीतीने. अकराव्या वर्षी मुंगळा अंगावरून गेला तेव्हा तो चावलाही होता. मी हलले नाही, ते काळविटांसाठी नव्हे.

पंकजा

---

देवळाली प्रवरा,
२९ ऑगस्ट २०२५

ती. वन्संना भीमाबाईचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र माझ्या हातानं लिवलंय. चुका लई असतील, तवा लाल शाई जरा झाकून ठेवा.

पंकजाचा फोन आल्ता. रडत न्हवती, पन तिचा आवाज मला कळतो. तुमी तिला पत्र धाडू नगंस म्हनलात. वन्सं, चूक माझी हाय. पोर दोनदा नगं म्हनली. मीच ऐकलं न्हाई. मला वाटलं, एवढी मोठी जात, अंगाखाली लेकरू घेऊन उपाशी पडलीया, आपुन नुसतं बगून कसं जायाचं. मला काय ठावं, खण त्येच्या पराला बसंल. तवापासून मी एकबी खण हातात धरला न्हाई. गौरी परवा येत्यात, त्यांची ओटी सूनबाई भरनार हाय.

आता दुसरं. हे बोलायचं न्हवतं.

तुमचा तो मोठ्या पक्ष्याचा फोटू, बैलगाडीतनं काढलेला. गाडी तुमचे दादा हाकत हुते. बैलगाडीला तो पक्षी भीत न्हाई म्हनून तुमी त्येंना नेलं हुतं. त्ये मला समदं बोलले हुते. हितंच थांबू म्हनले, तर तुमी म्हनलात अजून थोडं म्होरं. पक्षी उठला त्यो परत आलाच न्हाई. चटक्याच्या उन्हात अंडं तापून गेलं. तुमच्या दादांनी ते बोरीखाली पुरलं. तुमच्या पुस्तकात मात्र कोल्ह्यानं नेलं असं लिवलंय, हेबी त्येंना ठावं हुतं. मला म्हनले, चांगुणाला कधी बोलून दावू नगंस, ती सवताला माफ करायची न्हाई.

मी चाळीस वर्सं बोलले न्हाई. फोटूखाली बसून चा पिले. आज बोलते, कारन तुमी माझ्या पोरीला तोडताय.

राग आला तर माझ्यावर काडा. जेवल्याबिगर गेलात, ते मनाला लागलंय. येक डाव जेवायला या. माया हाय तशीच हाय.

तुमची,
भीमाबाई

---

भिंगार,
७ सप्टेंबर २०२५

चि. पंकजा हिस अनेक आशीर्वाद.

आठ दिवस लिहिता आले नाही. गोळी चुकवलेली नाही.

वहिनींचे पत्र सोबत छापून पाठवते आहे. मी त्यात एकही खूण केलेली नाही. करण्याजोगी चूक सापडली नाही.

आता माझी नोंद.

१२ जुलै १९८४, कर्जतच्या माळावर. सकाळी ८ वाजून १० मिनिटे. आकाश निरभ्र, वारा पश्चिमेचा. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एका अंड्यावर बसलेली. दादाने गाडी साठ मीटरवर उभी केली. त्या अंतरावरून पक्षी माझ्या चौकटीत करंगळीएवढा येत होता. प्रबंधाचे मार्गदर्शक सर हसतील असे मला वाटले. मी दादाला पुढे हाकायला लावले, तीनदा. अंतर पंधरा मीटर. फोटो घेतला. पक्षी उठला. आम्ही दुपारी दोनपर्यंत लांब बोरीखाली थांबलो. तो आला नाही. मी अंड्याला हात लावला तेव्हा ते भाकरीसारखे गरम होते. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो. प्रबंधात मी लिहिले, ‘घरट्याचा नाश कोल्ह्याकडून.’ त्या प्रबंधाला सुवर्णपदक मिळाले. तो फोटो कॉलेजच्या जिन्यात लागला आणि माझ्या भिंतीवरही, आणि त्याखाली बसवून मी तुला थांबायला शिकवले.

तू लिहिलेस की तुला माझ्या किळशीची भीती वाटली. मलाही कुणाच्या तरी किळशीचीच वाटली होती. मग ती किळस मी आयुष्यभर इतरांना वाटून दिली: आप्पासाहेबांच्या फ्लेक्सला, विद्यार्थ्यांच्या आकृत्यांना, वहिनींच्या खणाला. वहिनींनी उपाशी आईला काही द्यावे म्हणून हात पुढे केला. मला पक्ष्याला काहीच द्यायचे नव्हते. दोघींत घाण कुणाचा हात, ते मी आठ दिवस मोजते आहे. उत्तर प्रत्येक वेळी एकच येते.

काल विद्यापीठाला पत्र पाठवले. प्रबंधाचे पान एकशे बारा, ओळ सातवी, ‘कोल्ह्याकडून’ हा शब्द खोडून ‘संशोधकाकडून’ वाचावा. ते हसतील, किंवा पदक परत मागतील. एकोणसत्तराव्या वर्षी पदक परत करायला रिक्षाने जायचे, एवढाच त्रास. फोटो उतरवला आहे. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला आहे. भागवत विचारतो, तिथे काय लावू. मी त्याला काही लावू नकोस म्हटले.

उद्या देवळालीला जेवायला जाते आहे.

तुझ्या नोंदीचे काय करावेस ते मी सांगणार नाही. मागच्या पत्रात आज्ञा केली होती. तो अधिकार माझा नव्हता. या पत्रात कुठे अंतर किंवा वेळ चुकली असे वाटले, तर लाल शाई तू वापर. मुंगळा चावला होता हे तेव्हाच सांगितले असतेस तर मी रागावले असते. तरीही सांगायला हवे होतेस.

लोभ आहे. तो कमवावा लागत नाही, हे आज लिहिते; उशीर झाला, तोही नोंदव.

तुझी आत्या,
चांगुणा

---

बेटावरून,
२८ सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाईंस पंकजाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र दोनदा वाचले आणि बंदराच्या कार्यालयात गेले. शंभर खोडून वीस लिहिले, खाली सही केली, आणि खूण माझी होती, नावाड्याची नव्हे, असेही लिहिले. अधिकाऱ्याने विचारले, दोन महिन्यांनी का आठवले? मी सांगितले, आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी एकेचाळीस वर्षांनी दुरुस्ती केली, त्या मानाने मी लवकर आले. त्याला काही कळले नाही. परवाना पुढच्या मोसमाच्या अखेरपर्यंत गेला.

आता मी बोटीवर नाही. टेकडीवर एक जुना दीपस्तंभ आहे. तिथून दक्षिणेला जाणारे देवमासे मोजायला दुर्बीण आणि खुर्ची मिळाली आहे. पगार नाही, जेवण मिळते. बाजरीचे पीठ अजून आहे. इथून कुणाला पुढे घे म्हणता येत नाही.

मायलेकरे सर्वांत शेवटी निघतात. पिल्लात बळ येईपर्यंत मादी थांबते. काल, २७ सप्टेंबर, दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी एक मादी बेटाच्या टोकाला वळली आणि तिने बुडी घेताना शेपटी उचलली. उजव्या पात्याला खाच होती, चंद्रकोरीसारखी. तिच्या मागोमाग पिल्लू वर आले. श्वास घेतला, उजवा पर उचलून पाण्यावर दोनदा आपटला, आणि गेले.

पराला हिरवे काही दिसले नाही. आईला फोनवर एवढेच सांगितले. ती म्हणाली, बरं.

तुम्हाला पूर्ण लिहिते. अंतर सोळाशे मीटर, ऊन समोरून, दुर्बीण जुनी. म्हणून वहीत खण ‘दिसला नाही’ असे लिहिले आहे. ‘नव्हता’ असे लिहिलेले नाही.

दोघींनी एकमेकींच्या हातचे जेवत राहावे. माझ्या वाटची चटणी ठेवावी.

आपली,
पंकजा